कुकारा न घालता

बाबा, तुमची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची की परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, हे मला आज ठरवायचं आहे. मुदत उद्या संपते. घरात कुणाला यात ठरवण्यासारखं काही वाटत नाही. तुमच्या सुनेने तर सातबारा आणि माझे फोटो पिशवीत घालून पिशवी खुंटीला लावूनही ठेवली आहे. गेल्या आठवड्यात डुकरांनी परसातले सुरण उकरून टाकले, तेव्हापासून ती धुमसते आहे. हत्यार घरात नसलं तर उरलंसुरलंही जाईल, असं ती म्हणते, आणि तिचं काही खोटं नाही. पण चार दिवसांपूर्वी आपल्या बागेत जे झालं ते मी तिला अर्धंच सांगितलंय. पुरतं तुम्हाला सांगतो. तुम्ही असता तर माझ्या कानाखाली वाजवली असती, आणि या वयात मला ती हवी आहे.

तुम्ही बंदूक घेऊन निघालात की आधी बागेभोवतीच्या दगडी गडग्याच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन कुकारा घालायचात. तोंडाशी हात धरून लांबलचक ‘कूऽऽ’, मग कान देऊन उभं राहणं. आतून कुणाचा उलटा कुकारा आला तर त्या माणसाला हाक मारून बाहेर काढायचं, आणि मगच नळीत दारू ओतायची. मी तेव्हा मुंबईला नोकरीला लागून वर्ष झालेलं, मे महिन्यात घरी आलेला, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मी म्हणतो, “बाबा, एवढं ओरडल्यावर डुक्कर काय तुमच्यासाठी थांबणार आहे?” तुम्ही वळून बघता. “पळू दे रं. पळावं म्हनून तर बंदूक हाय.” मग चार पावलं पुढे जाऊन, माझ्याकडे न बघता म्हणता, “सरकारनं परवाना दिलाय तो गडग्याच्या आतला. आत कोन हाय ते सरकार बघाया येनार नाय. ते आपुन बघायचं.” मी गालातल्या गालात हसलो होतो. तुम्ही ते पाहिलंत की नाही, माहीत नाही.

तुम्ही गेल्यावर बंदूक वर्षभर ठाण्यात पडून होती. परवाना माझ्या नावावर झाला आणि ती घरी आली, तेव्हापासून मीही कुकारा घालत आलो. त्या सकाळी घातला नाही. ऊन नुकतंच वर आलं होतं. काजीच्या झाडाखाली पडलेल्या वाळक्या पातेऱ्यात काहीतरी खसपसत होतं, थांबत होतं, पुन्हा खसपसत होतं. सुरणाचा राग डोक्यात होता. कुकारा घातला तर ते पळणार, आणि मला ते पळायला नको होतं. मी ओट्यावरच बंदूक ठासली आणि दबकत खाली उतरलो. मी गडग्याच्या आत होतो, जमीन माझी, परवाना खिशात, त्यामुळे कायद्याने माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. करवंदीच्या जाळीमागे काळपट पाठ खालीवर होताना दिसली. मी घोडा चढवला, श्वास धरला आणि चाप ओढला.

नुसतं टक् झालं. ठिणगी पाडणारी केप सर्दावलेली होती, बार उडालाच नाही. मग ती पाठ सरळ झाली. वरच्या घरातली काकी होती, पेरणीआधी शेत भाजतात त्या भाजावळीसाठी पातेऱ्याचा भारा बांधत होती. दर वर्षी नेते. ‘इचारायला येऊ नको, खुशाल ने,’ असं तुम्हीच तिला सांगून ठेवलं होतंत.

“बाळा, मी हाय रं! बंदूक खाली कर आदी!” ती ओरडली.

“बघितलं काकी, बघितलं,” मी म्हणालो. “म्हणून तर थांबलो.”

ते टक् तिला ऐकू गेलं नसावं. वाडीभर ती सांगत फिरते आहे की पोराला बापाची नजर आहे, दुसरा कुणी असता तर माझी राख झाली असती. काल वाटीभर ओले काजूगर घेऊन आली आणि तुमच्या सुनेसमोर मला म्हणाली, “बंदूक देऊ नको हां कुनाला. तुज्या हातात हाय म्हनून आमाला घोर नाय.” मी मान हलवली. ती गेल्यावर मागच्या दारी जाऊन बसलो. मला माझी भयंकर लाज वाटते, बाबा, आणि तिच्या कौतुकाने ती रोज वाढते आहे.

तर ठरलं. उद्या बंदूक जमा करतो. ठाण्यात नजर अधू झाली म्हणून लिहून देईन, इथे चार दिवस भांडण होईल, डुकरं खायचं ते खातील. जायच्या आधी काकीच्या दारात उभा राहून तिला सांगायचं आहे की मी थांबलो नव्हतो. तेवढं धैर्य होईल असं आत्ता तरी वाटतंय.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, आणि तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. नजरेची चूक तुम्ही माफ केली असतीत. पण बार उडाला नाही तेव्हा, काकी सरळ उभी राहायच्या आधी, मी तुमच्या बंदुकीला शिवी हासडली होती. डुक्कर हातचं गेलं म्हणून.