लिबियाची ओळख

१४ मार्च २००४
इथल्या मराठी मंडळाच्या स्वातीचा फोन. लिबिया सध्या सारखा बातम्यांत, तर ३ एप्रिलच्या कार्यक्रमात जयंतने 'लिबियाची ओळख' करून द्यावी. "तुम्ही राहिलात ना तिथे." जयंत लगेच हो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

राहिलो खरे. पण बेनगाझीच्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी माझी होती. बाळंतपणं मी केली. तो माझ्याबरोबर आलेला, घर सांभाळायचा. नॉटिंगहॅमला आलो आणि सगळं उलटं झालं. त्याला इंजिनिअरची नोकरी लागली. माझी इथली डॉक्टरीची परीक्षा मुलींच्या शाळेपायी राहूनच गेली.

२१ मार्च
टिपणं मीच काढून दिली. अर्ध्या भारताएवढा देश, माणसं जेमतेम पंचावन्न लाख, बहुतेक समुद्राकाठी. बाकी वाळवंट. बारमाही नदी एकही नाही — वाळूखालचं पाणी पाइपांनी शेकडो मैल आणतात. १९५९मध्ये मोठं तेल लागलं आणि गरीब देश श्रीमंत झाला.

"बायकांबद्दल लिही की," जयंत म्हणाला. लिहिलं: आजी तंबूत जन्मलेली, नात मेडिकलला. दोघींना मी एकाच बाळंतिणीच्या खाटेशी उभं पाहिलंय.

२ एप्रिल
निळ्या साडीला इस्त्री केली. ऐकायला बसायचंय फक्त, तरी.

३ एप्रिल
हॉल भरलेला. जयंतने माइक घेतला. म्हणाला, "लिबियात मी डॉक्टरांचा नवरा होतो. पाव आणायचो, मुलींच्या वेण्या घालायचो. देशाची ओळख डॉक्टरच करून देतील. सुप्रभा, ये."

उठून माइकपाशी गेले. कागद त्याच्याच हातात राहिले. मग बोलतच सुटले — तेल, वाळू, गिबली वारा सुटला की दाराच्या फटीत कोंबायचे ओले टॉवेल, अडलेल्या बायका, त्यांच्या सासवा. टाळ्या थांबेनात. थोरली आश्लेषा मागे उभी होती. "आई, यू नेव्हर टोल्ड अस."

स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

४ एप्रिल
"आधी का नाही सांगितलंस?" विचारलं. जयंत म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस."
खरंय.

६ एप्रिल
मीनलचा फोन. ती इथल्या हॉस्पिटलात मिडवाइफ, त्या दिवशी ऐकायला आली होती. "काकू, अजून अरबी येतं? आमच्या मॅटर्निटीला इंटरप्रिटर हवीय." हो म्हटलं. कुणाला न विचारता.

१७ मे
कामाचा पहिला दिवस. बाई लिबियातल्या मिसराताची, पहिलटकरीण, घाबरलेली. हात धरून तिच्या भाषेत बोलत राहिले. कळ ओसरल्यावर तिने विचारलं, "तुम्ही नर्स का?"
"नाही," म्हटलं. "डॉक्टर."