फक्कीने आखलेलं घर

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

इकडे सगळं ठीक. फोनवर मी नुसतं हं हं करते म्हणून तू चिडतेस, पण ऑफिसात बाबांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे आणि त्यांचे कान अजून चांगलेच तिखट आहेत. म्हणून हे पत्र.

डोंगराच्या कडेला दोन लाकडी केबिन बांधतोय. त्यातली एक बांधून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घरभर खिडक्या हव्यात आणि ऊन मात्र कुठूनच नको. आपल्या सुतारकाकांनी त्यांच्यापुढे हात टेकले.

तुझ्या मैत्रिणीच्या ऑफिसातून मला नोकरीसाठी होकार आलाय, हे तुला कळलंच असेल. सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

बाबांनी स्वतःसाठी घर बांधायला काढलंय. जन्मभर लोकांची बांधली, आता आपलं. आपली पद्धत आठवते ना? पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाचं घर आखायचं आणि घरच्यांना त्यात एक सकाळ जगायला लावायची. उठा, चहा करा, दार उघडा. चुका तिथेच सापडतात. रविवारी ती पाळी माझ्यावर आली. फक्की बाबांनी स्वतः टाकली होती, कुणाला हात लावू दिला नाही. रेघा वाकड्या आल्या होत्या. मागच्या बाजूला एक छोटं कॉटेज. "हे तुझं," ते म्हणाले. मला आधी विचारलं नव्हतं.

मी खोटाखोटा चहा केला, खोट्या खिडकीतून डोकावले. बाहेर पडायला गेले तर दार एकच, तेही बाबांच्या व्हरांड्यात उघडणारं. गिऱ्हाइकाच्या घरात मी असं केलं असतं तर बाबांनी मला फाडून खाल्लं असतं.

"बाबा, बाहेरचं दार राहिलं."

"तुला कुठे जायचंय?"

रागाने नाही गं. अगदी सहज विचारलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी "कुठे नाही" म्हटलं. नुसती चुन्याची रेघ होती, ओलांडली असती तर कोणी अडवलं नसतं. मी वळसा घालून व्हरांड्यातूनच बाहेर आले.

आता जे टाळतेय ते लिहिते. बाबांचा हात थरथरतो. वर्ष उलटून गेलं, त्यांच्याकडून सरळ रेघ येत नाही. सगळी ड्रॉइंग मी काढते, ते शेजारी बसून सांगतात. गिऱ्हाइकांना पत्ता नाही. तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती, ती आज मोडली. मी गेले तर ऑफिसला कुलूप लागेल. त्यांच्यावर माझा जीव आहे आणि त्यांच्या शेजारी तोच जीव गुदमरतो. कधी कधी इतका राग येतो की टोक मोडेपर्यंत पेन्सिल दाबते.

कॉटेजचं शेवटचं ड्रॉइंग मी काल पुरं केलं. एकच दार ठेवलंय. सोमवारी खणायला घेतायत.

तेव्हा माझं एक काम कर. तुझ्या मैत्रिणीला माझा नकार तूच कळव. मी फोन केला तर माझ्या तोंडून हो निघून जाईल.

तुझी,
छोटी