सगळं दुरुस्त करणारं यंत्र

२ ऑक्टोबर, गुरुवार
मानवजातीने आज अधिकृतपणे माझी साथ सोडली. माझ्या बायकोने, मित्सुयोने आणलेल्या नव्या टीव्हीला पिवळ्या वायरीचं भोक नाही. म्हणजे माझा लहानपणचा व्हिडिओ गेम त्याला जोडता येत नाही. दुकानात जाऊन तक्रार नोंदवली. तिथली मुलगी म्हणाली, "पिवळी वायर म्हणजे काय हो काका?" काका! मला आत्ता कुठे पन्नासावं लागलंय.
पाचवीत आम्हाला सांगितलं होतं, २००१ साली गाड्या काचेच्या नळ्यांतून उडतील. नळ्या राहू द्या. निदान भोक तरी ठेवायचं.
संकल्प: जुना टीव्ही कपाटातून काढणे. ३ नोव्हेंबरच्या आत गेमच्या आठही पायऱ्या पार करणे.

५ ऑक्टोबर, रविवार
टीव्ही काढला. पाठीत उसण.
मुलं उरली नाहीत म्हणून ओगाकीची आमची शाळा बंद पडली, आता पाडणार. त्याआधी ३ नोव्हेंबरला मैदानात पुरलेला आमच्या वर्गाचा डबा उकरायचा आहे. १९८६ साली प्रत्येकाने त्यात भविष्यातल्या स्वतःला पत्र आणि एक आवडती वस्तू ठेवली होती. उघडायचा होता २००१ साली. नकाशा मॉनिटर म्हणून माझ्याकडे. पण २००१ साली मला फार कामं होती. पुढे कोणी विचारलं नाही.
सगळ्यांना जोडकार्डं टाकली, उत्तराच्या अर्ध्यावर 'येणार' आणि 'येणार नाही' छापून. नागुमोलासुद्धा. मन मोठं ठेवावं लागतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
नागुमोचं उत्तर आलं. 'येणार' या शब्दाभोवती गोल. बाकी एक अक्षर नाही. काही माणसं बदलत नाहीत.
नोंद असावी म्हणून लिहितो. पाचवीत मी त्याच्याकडून गेमची कॅसेट नेली होती आणि परतही केली होती. शाळेच्या दाराशी त्याचा बुटांचा कप्पा होता, नंबर सतरा, त्यात ठेवली. तो म्हणाला, मिळाली नाही. वर्गाने मॉनिटरवर विश्वास ठेवला. त्याला 'खोटारडा' म्हणू लागले. सहावीत तो शाळा सोडून गेला. ते नाव मी पाडलं नव्हतं. मी फक्त फळ्यावर लिहिलं.
संकल्प: ३ तारखेला सर्वांसमक्ष त्याला माफ करणे. भाषण तीन मिनिटं.

१९ ऑक्टोबर, रविवार
नागुमोच्या कॅसेटवरचा तोच गेम जुन्या बाजारातून आणला. अजून दुसऱ्या पायरीवर. बटणं पूर्वीसारखी राहिली नाहीत. मित्सुयो म्हणाली, "अहो, तो खड्डा कालही तिथंच होता."
तिला भाषण वाचून दाखवलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "माफ तुम्ही करणार. मग त्यानं काय करायचं?" मी म्हटलं, टाळ्या.
कार्यक्रम ठरवला. पत्रं हजेरीच्या क्रमाने. प्रत्येकाचं पत्र त्याच्या आधीच्या नंबरवाल्याने मोठ्याने वाचायचं. कल्पना माझी.

३ नोव्हेंबर, सोमवार, सुट्टी. सकाळी ८
भाषण खिशात. दाढी गुळगुळीत.

संध्याकाळी ५
भाषण झालं नाही.
अकरा जण आले. नागुमोचे केस पांढरे झालेत. घरच्या झाडाची पर्सिमन फळं पिशवी भरून आणली होती त्याने, सगळ्यांना. डब्यात पाणी शिरलं नव्हतं. शिरायला हरकत नव्हती.
नागुमो सतरा, मी अठरा. माझं पाकीट त्याच्या हातात गेलं. आत काचेच्या नळ्यांचं चित्र, पुष्कळ हात असलेलं एक यंत्र, आणि कॅसेट. मागे मार्करने जाड अक्षरात 'नागुमो'.
त्याने वाचलं: "२००१ मधल्या हिबिनो, हिच्यावर माझ्याकडून हिरवा मेलन सोडा सांडला. आता चालत नाही. तुझ्या काळात सगळं दुरुस्त करणारं यंत्र असेल. दुरुस्त करून नागुमोला दे. त्याला सांगू नकोस."
शेवटचं वाक्यही वाचलं. मग पत्राची नीट घडी घातली आणि मला विचारलं, "मग? निघालं का रे यंत्र?"
कोणीतरी हसलं. मीही हसलो, असं वाटतं.
नंतर फळ सोलता सोलता तो म्हणाला, "बाबांनी जादा पाळ्या करून आणली होती. दोन महिने रोज विचारायचे, कुठं टाकलीस सांग. शेवटी म्हटलं, नदीत पडली. मग विचारायचे थांबले. गेले तेव्हाही त्यांना नदीच माहीत होती."
कॅसेट मी पुढे केली. "तुझ्या पाकिटातून निघाली, तूच ठेव," म्हणाला. दुपारी बाराला निघून गेला.
मी विसरलो होतो. खरोखरच विसरलो होतो.
नकाशा कुठल्या खणात आहे ते मात्र २००१ सालीही आठवत होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
चार दिवस कॅसेट स्पिरिटने पुसतोय. कापसाला अजून हिरवट डाग येतो. टीव्हीचा पडदा करडाच. आज मित्सुयो म्हणाली, "तशीच देऊन या."

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २:१०
नागुमोची इमारत. खाली पत्रपेट्यांची रांग. ३०२, नाव बरोबर. कॅसेट पेटीत ठेवली. झाकण लावलं, पुन्हा उघडून पाहिली. आहे.
बेल दाबली नाही.