मोटार सुरू करू का?

९ जुलै, आसगाव
पोहोचले. खोली छान आहे. खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे आपली भातखाचरं, दिसतात, रोवणी सुरू आहे, नेटवर्क पुण्यापेक्षा बरं. आमच्या कंपनीची सेवा साधी आहे. विहिरीत मोटारीजवळ एक पेटी बसते. वीज आली की ती मोठ्याने विचारते, मोटार सुरू करू का? जवळचा माणूस 'हो' म्हणाला की मोटार सुरू. हात चिखलात असले तरी चालतं. घरात हीच पेटी गिझर सांभाळते. तिला इथली बोली नीट शिकवणं, हे माझं काम. जेवण शेजारच्या शकुनबाई देणार आहेत. पहिल्याच ताटात वांग्याची भाजी, उत्तम.

१२ जुलै
इथे कुणी 'हो' म्हणत नाही, 'हौ' म्हणतात. होकाराला हौ. ऐकतोय, याला हौ. पुरे झालं, यालाही हौ. माझे वरिष्ठ प्रविण सर यांनी गेल्या वर्षी पेटीला हाच शब्द शिकवला. हे धोक्याचं आहे, असं मी कळवलं. सर म्हणाले, नंतर पाहू. आज जेवताना माझ्याही तोंडून हौ गेलं. शकुनबाई म्हणाल्या, म्याडम तं आमच्यातल्याच झाल्या, आता इकडचाच नवरा पाहू काय?

१५ जुलै
शकुनबाईंचे यजमान इश्वर उन्हाळ्यात त्यांच्याच विहिरीत करंट लागून गेले. पाण्यात उतरून पाइपात अडकलेला कचरा काढत होते. वायर सोललेली होती. शकुनबाईंनी काठावरून विचारलं, जेवाले येता का जी? ते हौ म्हणाले. तेवढ्यात वीज आली होती आणि पेटीही विचारत होती. मोटार सुरू झाली.
पेटी ऐकलेलं साठवून ठेवते, हे शकुनबाईंना कुणीतरी सांगितलं आहे. ताट ठेवताना म्हणाल्या, ते मले हौ म्हणले का त्या पेटीले? तेवढं ऐकवा. माह्या बोलण्यानं गेले काय, मले समजू द्या.

१६ जुलै
ध्वनिमुद्रण सापडलं. दोन्ही प्रश्न एकमेकांवर येतात. मग इश्वरचा आवाज, हसरा: हौ, आलो. पेटीला कुणी 'आलो' म्हणत नाही. दोष आमचा आहे.
सरांनी पुसायला सांगितलं. इश्वरनी स्वतःच मोटार सुरू करवली, असं कंपनी म्हणणार आहे. मी पुसलं. शकुनबाईंना सांगितलं, त्यात काही नाही. त्या हौ म्हणाल्या आणि रिकामं ताट घेऊन गेल्या.

२० जुलै
दुपारी खोलीतली चाचणीची पेटी बोलली. तिला वायर जोडलेली नाही. आवाज पुरुषाचा. हौ, आलो.
कुठेतरी प्रत उरली असावी. सगळीकडे शोधलं. नाही.

२३ जुलै
प्रविण सर गेले. न्हाणीघरात, गिझरचा करंट. त्यांच्या पत्नी सांगत होत्या, आतून कुणाला तरी हौ म्हणाले. विचारलं कुणी, ते समजलं नाही. सर नागपूरचे. हौ त्यांच्या जिभेवरच असायचं.
मी हा शब्द सोडला आहे.
शकुनबाईंना बातमी सांगितली. त्यांनी भाजी वाढली. म्हणाल्या, एक झाला.

२५ जुलै
पेटी फोडली. तरी आलो, आलो. आता तो आवाज दाराशी येतो. शकुनबाई म्हणतात, मूळ पेटी आमच्या विहिरीतच हाय, तेच काढून न्या. शिडी मी धरीन.

२६ जुलै
विहिरीत, मोटारीच्या ओट्यावर. शिडी शकुनबाईंनी वर ओढून घेतली. फ्यूज काढून मी खिशात ठेवले आहेत. तरी पेटीचा दिवा लागला आहे.
पाणी चढतंय. घोटे बुडाले —
पेटी विचारते, मोटार सुरू करू का? इश्वरच्या आवाजात.
मी ओरडून सांगितलं. ते तुम्हालाच हौ म्हणाले, आलो म्हणाले, मी ऐकलंय, मीच पुसलं.
वरून रडणं. मग ते थांबलं.
आता काठावरून विचारतात, शिडी टाकू काय, म्याडम?
टाका म्हणाले. ऐकू नाही आलं, म्हणतात. पुन्हा म्हणाले — हौ म्हणा, म्हणतात. आमच्यासारखं. एक डाव.
गुडघे —
पेटी आणि त्या, दोघंही आता एकदमच विच