खंड्या आणि खळं

धामापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. भाईस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येईनासं झाल्यापासून पत्रच बरं. डोंबिवलीत मितेशकडे रुळलास का? सूनबाई आमटीत साखर घालते म्हणून अर्धपोटी उठू नकोस.

आपल्या संचिताचा साखरपुडा बावीस तारखेला ठरला. मुलाकडची माणसं बांद्याहून येतील. लेकीचा मंडप माझ्या दारातच घालायचा, म्हणून भात झोडून झाल्यावर दारापुढचं खळं नवीन केलं. माती टाकली, चोपण्याने चोपली, शेणाने सारवली. हात अजून दुखतायत. आणि तुझा कुत्रा, खंड्या! तू त्याला माझ्याकडे ठेवून गेलास तेव्हा गरीब वाटला होता. आता सकाळी बघावं तर खळ्यात मधोमध खड्डा, आणि हा त्यात पोट टेकून निवांत. एक बुजवला की दुसरा. मिरचीपूड टाकली, तर शिंकून पुढे उकरतो. बांधला की वाडी डोक्यावर घेतो. शेजारची काशीबाई म्हणते, ह्येका खंयतरी लांब सोडून ये. तूच काय तो उपाय सांग.

तुझ्या मायेची,
जानकी

डोंबिवली,
१८ नोव्हेंबर

चि. जानकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. खंड्या खोडकर नाही गो. माझ्याबरोबर तो सकाळ-संध्याकाळ तळ्यापर्यंत यायचा, दिवसभर मळ्यात उंदरांच्या बिळांमागे असायचा. तो जोर आता तुझ्या खळ्यात जिरवतोय. शिवाय ओली माती पोटाला गार लागते. असं कर, मागच्या फणसाखाली वाळूचा ढीग टाक, पाणी शिंपड आणि आत दोन सुके बोंबील पुरून ठेव. तिथे उकरलं की पाठ थोपट. खळ्यात दिसला तर हाक मारून ढिगाकडे ने. सकाळी कोणीतरी फिरवून आणा. हळूहळू खळं सोडील. मारू मात्र नको.

निघालो त्या दिवशी मी त्याच्या डोक्यावर हातही न ठेवता मागच्या दाराने गेलो. समोर आला असता तर माझा पाय निघाला नसता. ते मनाला लागून राहिलंय.

आठवण ठेव, तेवढं पुरे.
भाई

धामापूर,
२४ नोव्हेंबर

ती. भाईस,
सा. न. वि. वि.

साखरपुडा छान झाला. बांद्याच्या माणसांनी खळ्याचंही कौतुक केलं.

तुझं पत्र मात्र काल मिळालं. भाई, कसं लिहू? मंगळवारी खंड्याने मंडपाच्या खांबाशीच उकरलं. खांब कलला आणि माझा तोल सुटला. काठीने मारला त्याला. दुसऱ्या दिवशी आमचा जितेंद्र भाऊजी टेम्पो घेऊन फोंडाघाटला निघाला होता. तिथे त्याच्या मेव्हण्याला राखणीला कुत्रा हवा होता. मी बिस्किट दाखवलं, तर आदल्या दिवशीचा मार विसरून खंड्या माझ्यामागून आला आणि टेम्पोत चढला. तिथे उतरवताना दोरी तुटली नि तो बाजारात पळाला. जितेंद्र म्हणतो, वैनी, सगळीकडे बघितलंय, खंय गावलो नाय.

तू मला काय म्हणशील ते म्हण.
जानकी

डोंबिवली,
३० नोव्हेंबर

चि. जानकीस,
आशीर्वाद.

राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस कागद हातात घेतला नाही. मग वाटलं, तुला बोलणारा मी कोण? मीही त्याला तुझ्या गळ्यात बांधून निघूनच आलो.

पण अजून शोध. परक्या माणसाजवळ तो जाणार नाही, मासळीच्या वासाला जाईल. सुकी मासळी विकणाऱ्या बायकांना विचार. गावला नाही तरी कळव. वाट बघणं जास्त वाईट.

भाई

धामापूर,
१५ डिसेंबर

ती. भाईस,
सा. न. वि. वि.

खंड्या गावला. मी आणि संचिता बाजारच्या दिवशी जितेंद्रच्या टेम्पोतून फोंडाघाटला गेलो. एक मासळीवाली म्हणाली, तांबडो कुत्रो मागच्या पडवीत पडान आसा. तोच होता. बरगड्या दिसत होत्या, मागचा एक पाय उचलून धरला होता. मला बघून शेपटी हलली नाही. टेम्पोत चढेना. बिस्किट दाखवायचा मला धीर झाला नाही, संचिताने उचलून घेतला.

पायाला औषध चालू आहे, जेवतोही. पण खळ्यात पाऊल टाकत नाही, दगडी गडग्याच्या कडेने वळसा घालून जातो. फणसाखाली ढीग केला, बोंबील पुरले. नुसता वास घेतो आणि बाजूला बसतो. येणारा-जाणारा म्हणतो, खळां काय बरां रवलां! मला ते ऐकवत नाही.

काल मीच ढिगाशी बसून हातांनी उकरायला लागले. काशीबाईने गडग्यावरून विचारलं, काय गो हरवलां? मी उकरतच राहिले. थोड्या वेळाने तो लंगडत आला. एक पंजा वाळूत टाकला आणि थांबून माझे हात बघत राहिला. मग मी त्याच्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ काही नाही. नंतर पाठीवर वाळू येऊन पडली, पुन्हा पडली. लुगडं भरलं, केसांत गेली. मी हलले नाही.

मितेशला सांग, तुला चार दिवस आणून सोड म्हणावं. पुढच्या दाराने ये.

तुझीच,
जानकी