गाजरी ठिपक्यांचं इंजिन

दि. ३ मार्च

चि. भावड्यास,
अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिले आहेत, फार मनाला लावून घेऊ नकोस.

चार दारांची धडधाकट गाडी विकून दोन माणसांची गाडी घेणारा शहाणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाहिला तो माझाच भाऊ निघाला! घरात माणसं तीन, गाडीत जागा दोन. वहिनी काय मागून पळत येणार? वर छप्पर नाही म्हणे. छत्री धरूनच हिंडायचं होतं तर सायकल काय वाईट होती?

फोटो पाहिला. लाल भडक रंग, हातभर नाक आणि बूड जमिनीला टेकलेलं. आईचे गुडघे खुर्चीतून उठताना कुरकुरतात. तिला त्या खड्ड्यात उतरवणार कशी आणि वर काढणार कशी? विहिरीतल्या बादलीसारखी, दोर लावून?

आणि गाडी 'अस्सल' आहे असं दोनदा लिहिलंस. विकणारा म्हणाला म्हणून अस्सल? बाबांचा जन्म लोकांच्या गाड्यांखाली गेला, तुझा कचेरीतल्या पंख्याखाली. तुला गाडीतला रंग तेवढा कळतो. ज्याची त्याला परत कर.

इस्त्री तापली, दुकानात चादरींचा ढीग पडलाय. लोभ आहे तेवढा पुरे, यंदा वाढ मिळणार नाही.
तुझी ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं. बादलीपाशी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. माझ्या बाजूने घरात कोणी नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

ताई, तरुणपणापासून अशी गाडी हवी होती गं. निवृत्त झालो, आता नाही तर कधी? तिला एक खोड आहे, ती कबूल करतो. उभी असताना इंजिन मधेच एक ठोका गिळतं आणि खाकरतं. तीन कारागीर झाले, खोड जात नाही.

पण खरी काळजी वेगळीच आहे. गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा आई आतल्या खोलीत पडली होती. आवाज ऐकून उठून बसली आणि तुझ्या वहिनीला म्हणाली की पाणी तापत ठेव, कपड्यांचा साबण काढ, ते आले, हात काळे असतील. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली! आम्ही तिला समजावून परत झोपवलं. त्यानंतरही गाडी दारात आली की तिचं हेच. एरवी अगदी शहाण्यासारखी वागते, पत्त्यांत मला हरवते. जुन्या गाडीच्या आवाजाला तिने कधी मान वर केली नव्हती. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

तुझा लोभ आटला तरी ओल राहू दे.
तुझा धाकटा

दि. १२ मार्च

चि. भावड्यास,
अनेक आशीर्वाद, या खेपेला खरे.

पत्र वाचलं तेव्हा इस्त्री कुणाच्या तरी सदऱ्यावर तशीच राहिली. आता त्या सदऱ्याला बाहीवर खिडकी आहे. गिऱ्हाइकाला मी सांगितलं की आईचं बरं नाही. त्याने बिचाऱ्याने माझंच सांत्वन केलं.

आईचं डोकं चालेनासं झालं तर आपल्याला मागे कोण राहिलं रे? मला अजून तिला खूप विचारायचंय. त्या गाडीच्या धडधडीनेच ती बिथरली असणार. डॉक्टर काय म्हणतात ते लगेच लिही. आणि तिला इकडे पाठव, माझ्याकडे नुसती वाफ असते, आवाज नसतो. तुला आई हवी की भोंगा, ते ठरव.

लोभाचं नंतर बघू.
तुझी ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी आईला उलटसुलट विचारलं. तिने सगळी उत्तरं दिली, वर त्यांच्या सदऱ्याला बटण नाही हेही दाखवलं. डोकं ठणठणीत आहे म्हणतात. मग हे पाणी तापवण्याचं काय, ते त्यांनाही सांगता येईना.

आता हस, तुझंच खरं झालं. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत नाव द्यायला गेलो. तिथल्या तपासनिसाने झाकण उघडलं आणि चारचौघांत सांगितलं की अंग अस्सल, काळीज परकं. इंजिन या गाडीचं नाहीच, कुठल्याशा मालवाहू टेम्पोचं आहे, कुणीतरी खोलून, नव्याने बांधून आत बसवलंय. मला मिरवणुकीतून बाहेर काढलं. घरी येऊन रागारागाने रॉकेलने इंजिन पुसायला घेतलं, तर काजळीखाली नटानटावर ठिपके! गाजरी गुलाबी, जणू कुणी नवरी नटवली आहे. असला गावठी कारागीर कोण होता देव जाणे.

विकणाऱ्याशी भांडलो. पुढच्या शनिवारी येऊन तो गाडी परत नेणार आहे. तुझं समाधान झालं, आईलाही स्वस्थता मिळेल. मला मात्र जेवण जात नाही.

लोभाची आता खरी गरज आहे.
तुझा धाकटा

दि. २० मार्च, मंगळवार

चि. भावड्यास,
आशीर्वाद वगैरे मागाहून. आधी तो फडका खाली ठेव आणि त्या इंजिनाला हात लावू नकोस!

गाजरी म्हणालास ना? गुलाबीकडे झुकणारा? मावशीने मला नखांना लावायची बाटली आणली होती, आठवते? एक हात रंगवला आणि दुसऱ्या दिवशी बाटली गायब. तू तेव्हा बाराखडी गिरवत होतास. चोर म्हणून मी तुला बदडलं, तू गळा काढलास.

बाबा नट आवळला की त्यावर खडूची खूण करायचे, म्हणजे कुठला राहिला ते कळे. खडू तेलात पुसून जातो म्हणून सारखे कुरकुरायचे. त्याच दिवसांत आपल्या अंगणात एक लाल गाडी येऊन पडली होती, इंजिन फुटलेली. मालकाला घाई होती. मागे दुधाचा मोडका टेम्पो उभा होता, त्याचं इंजिन खोलून, बांधून बाबांनी तिच्यात बसवलं. तुला अंगणात येऊ देत नव्हते. पाने उचलून द्यायला मी होते, शेवटची आवळणी मात्र ते रात्री एकटेच करायचे. शाळा माझी तशीच सुटली.

आणि तो खाकरा! ती खोड नव्हे रे, ठोंब्या. इंजिनाला मधेच दम खाऊ द्यावा असं बाबांचं म्हणणं होतं. सगळ्या कारागिरांनी वेड्यात काढलं, गिऱ्हाइकं भांडली, पण त्यांच्या हातून गेलेली प्रत्येक गाडी तशीच खाकरायची. ते चालवून बघायला न्यायचे आणि कोपऱ्यावर आवाज आला की आई पाणी तापत ठेवायची. आई चुकलेली नाही. घरात तिला एकटीलाच कळलं काय आलंय ते. आपण तिला डॉक्टरकडे नेलं!

तेव्हा शनिवारी त्या माणसाला दारातूनच वाटेला लाव. मिरवणूक गेली चुलीत. ठिपके पुसशील तर याद राख, माझा दुसरा हात त्यात आहे. राहिला तुझ्या माराचा हिशेब. तो परत घेता येत नाही, त्या आठवड्यात तू दुसरं काहीतरी केलंच असणार.

रविवारी आईला घेऊन त्याच गाडीने इकडे ये. तू चालव, ती शेजारी. वहिनीला बसने पाठव, मी तिला उतरवून घेईन. दोर मी आणते.

हे पत्र टपालात घालत नाही, तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते. उत्तरही त्याच्याच हाती दे. लोभ वाढवलाय, उतू घालवू नकोस. पाणी तापत ठेवायचं की नाही, ते मला शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे.
तुझी ताई