नोकरी गेल्याची नोकरी

४ जानेवारी
मोजणार कसं? – विभागप्रमुख बाईंचा दिवसभर हाच प्रश्न. आमच्या व्यवस्थापनाच्या पदवीला मानांकन आहे. समितीला पुरावा हवा, की मुलं नुसती पास झाली नाहीत, काही शिकलीही. 'कठीण निर्णय तोंडावर सांगता येणे' – यातच गुण घसरलेत. तोंडी परीक्षेत एक विद्यार्थी साहेब होतो, दुसरा कामगार. साहेबाने त्याला कामावरून कमी केल्याचं सांगायचं. दोघंही फिदीफिदी हसतात!
समोर खरा माणूस हवा.

५ जानेवारी
बाबांना विचारलं, परीक्षेत कामगार म्हणून बसाल का? पैसे मिळतील. हो म्हणाले. त्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा गेटवर कागद चिकटवला होता, बस. समोर बसवून कुणी सांगितलं नाही. घरात पहिली पदवी माझी, तीही त्यांच्याच राबण्यावर – तो कागद मला अजून डाचतो. निदान आमची मुलं तरी माणसासारखं सांगायला शिकतील!
आई म्हणाली, "नोकरी गेल्याची नोकरी! तुम्हालाच बरी सापडते." बाबा पोट धरून हसले.

१२ जानेवारी
काय बसतात बाबा! हात गुडघ्यांवर, नजर साहेबावर. सगळं ऐकून घेतात, "समजलं, साहेब" म्हणतात, उठतात, दार हळूच ओढून घेतात. मग टकटक – पुढच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा आत. मी काचेमागे बसून गुण देते.
एक मुलगी सांगता सांगता रडली. आवाजाच्या स्थिरतेत तिला शून्य द्यावं लागलं.

२० जानेवारी
गुण चढताहेत. आता कुणी रडत नाही.

२७ जानेवारी
दूध नासल्याचं आईने सांगितलं. बाबा म्हणाले, "समजलं, साहेब." आई हसली. मीही. बाबा नाही हसले.

२ फेब्रुवारी
शेजारचे काका गप्पा मारायला आले. "काय हो, मौनव्रत की काय?" बाबा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले – ते काहीतरी सांगतील म्हणून थांबल्यासारखे. काका चुळबुळले, आणि उगाचच "माफ करा हं" म्हणून निघून गेले. कशाबद्दल माफी, ते त्यांनाही माहीत नसावं.

६ फेब्रुवारी
बाईंना म्हटलं, बाबांना थांबवते. "वेडी का गं तू? सगळी मुलं निकषाच्या वर आहेत! पुढच्या वर्षीही हेच ठेवू."
नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. मला माझे बाबा परत हवेत. उद्या घरीच सांगते त्यांना.

७ फेब्रुवारी
संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, उद्यापासून तुम्ही यायचं नाही."
आवाज जराही कापला नाही माझा!
"समजलं, साहेब." उठले. घराचं दार हळूच ओढून घेतलं.
मग टकटक.
आत आले. त्याच खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर. आता आईकडे बघताहेत.